पिवळा टी-शर्ट ट्रंकेतून काढून ठेवा

भुसावळ,
१८ मे २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलेला प्रश्न आठवडाभर मनातून गेला नाही. अकरा हंगाम झाले, तुझा फुटबॉल संघ एकदाही विजेता ठरला नाही, खुद्द सचिनने अंग काढून घेतले, मग तुझाच जीव त्यात का अडकला आहे, असे ते म्हणाले. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही आणि माझा आवाज चढला, त्याबद्दल क्षमा मागते.

बाबा, केरला ब्लास्टर्स हा संघ आपल्या घरात तुम्हीच आणलात. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, सचिन तेंडुलकर त्या संघाचा सहमालक असल्याचे तुम्ही पेपरात वाचले, आणि जिथे क्रिकेटशिवाय दुसऱ्या खेळाला कोणी विचारत नाही अशा आपल्या गावात आपल्याच घरी फुटबॉल लागू लागला. त्या वर्षीचा २० डिसेंबर मला अजून जसाच्या तसा दिसतो. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी आईने वाढली होती, आणि नवी मुंबईतला अंतिम सामना नव्वद मिनिटे संपली तरी शून्य-शून्य असाच होता. भरपाई वेळेत कोलकात्याच्या मोहम्मद रफीकने हेडर मारून गोल केला. तुम्ही तोंडाशी नेलेला घास ताटात परत ठेवलात आणि काही न बोलता हात धुवायला उठलात. त्या रात्री मी त्या संघाची झाले.

२०१६ मध्ये कोचीला, आपल्याच मैदानावर, अंतिम सामन्यात पुन्हा कोलकात्याकडून पेनल्टींवर हार झाली. २०१८ साली सचिनने आपला हिस्सा विकला आणि तुमचा धागा तिथे तुटला. ते मला समजते, कारण तुम्ही सचिनसाठी आला होतात.

२० मार्च २०२२ ला मात्र मी जळगावच्या खोलीवर एकटी होते. गोव्यातल्या फातोर्डा मैदानावर हैदराबादविरुद्धच्या अंतिम सामन्यात आपल्या राहुल के. पी. ने ६८व्या मिनिटाला गोल केला आणि वीस मिनिटे मला खरोखर वाटले की आज होणार. पण ८८व्या मिनिटाला हैदराबादने बरोबरी साधली आणि पेनल्टींमध्ये त्यांचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याने आपल्या तीन किक अडवल्या. आई, तुला हा खेळ कळत नाही, तरी त्या रात्री सामना संपल्यावर तुझा फोन आला आणि तू फक्त "जेवलीस का?" एवढेच विचारलेस. मी जेवले नव्हते.

संघाचे सगळेच मला पटते असे नाही. मार्च २०२३ मध्ये बेंगळुरूविरुद्ध, आपले खेळाडू सज्ज होण्याआधीच सुनील छेत्रीने फ्री किकवर गोल केला, पंचांनी तो मान्य केला आणि आपले प्रशिक्षक संघाला मैदानाबाहेर घेऊन गेले. पुढे ४ कोटी रुपयांचा दंड झाला. निर्णय चुकीचा वाटला तरी हरायचे ते खेळून हरावे, असे माझे आजही मत आहे.

तरीही मी या संघासोबत का राहिले, तर आद्रियान लुनामुळे. संघाचा हा कर्णधार उरुग्वेचा आहे. २०२२ साली त्याची लहान मुलगी आजाराने गेली. तो परत येईल की नाही याची मला खात्री नव्हती, पण ऑक्टोबरमध्ये ईस्ट बंगालविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला आणि अंगावर गोंदवलेल्या तिच्या आठवणीकडे बोट दाखवत तो रडला. स्टेडियमभर पिवळे कपडे घातलेली माणसे उभी होती आणि मी इथे पडद्यासमोर उभी होते. यंदा संघ आठवा आला, बाद फेरीतही पोहोचला नाही. पण त्या माणसाला सोडून जिंकणारा दुसरा संघ शोधायला माझे मन धजत नाही.

बाबा, माझी एक विनंती आहे. मंगला एक्सप्रेस भुसावळहून गाडी न बदलता थेट कोचीतल्या एर्नाकुलमला जाते. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक लागले की मी तिघांची तिकिटे काढणार आहे, आईसाठी खालचा बर्थ घेईन. केळीची कापणी सांभाळून तुम्हाला कोणते दिवस जमतील ते कळवा. २०१४ साली घेतलेला तुमचा पिवळा टी-शर्ट आईने ट्रंकेत ठेवला आहे. त्याला एकदा ऊन दाखवून ठेवा.

तुमची लाडकी लेक