सरकारकडे धंद्याचं काय अडकलंय तेही ॲफिडेव्हिटमध्ये येऊ द्या : कायदामंत्र्यांना खुलं पत्र

मा. अर्जुनराम मेघवालजी,
केंद्रीय कायदा व न्याय राज्यमंत्री (स्वतंत्र प्रभार)

सप्रेम नमस्कार.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातला एक साधा मतदार. निवडणूक आयोगाला न लिहिता तुम्हाला लिहितोय, कारण उमेदवार जे ॲफिडेव्हिट भरतो तो फॉर्म २६ हा १९६१ च्या निवडणूक नियमांचा भाग आहे आणि ते नियम आयोगाशी सल्लामसलत करून केंद्र सरकार करतं, म्हणजे तुमचं खातं. त्या फॉर्ममध्ये एक गोष्ट वाढवा, उमेदवाराच्या कंपन्यांचे सरकारकडे असलेले अर्ज, लीज, थकबाकी यांची माहिती, एवढंच मागणं आहे, पण ती का हवी ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

आधी एक स्पष्ट करतो. पैसेवाल्यांनी निवडणूक लढवू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. कोणी कंपनी उभी केली, चालवली, लोकांना काम दिलं आणि मग त्याला वाटलं की आता राजकारणात जावं तर तो त्याचा हक्क आहे. आणि पैसा असला की माणूस निवडून येतोच हेही खरं नाही. नंदन निलेकणी २०१४ ला दक्षिण बंगळुरूतून उभे होते, इन्फोसिसचे सहसंस्थापक, आधारची यंत्रणा उभी करणारे, ॲफिडेव्हिटमध्ये बायकोची धरून ७,७०० कोटींच्या आसपास मालमत्ता, आणि अनंतकुमारांकडून सव्वादोन लाखांहून जास्त मतांनी हरले. आपल्या शेजारी गोव्यात २०२४ ला पल्लवी धेंपे दक्षिण गोव्यातून भाजपच्या उमेदवार होत्या, धेंपे इंडस्ट्रीजच्या कार्यकारी संचालक, नवऱ्याची धरून मालमत्ता १,४०० कोटींच्या घरात, घराणं असं की तिथला मराठी वाचक रोज सकाळी त्यांचाच 'नवप्रभा' वाचतो. त्या १३,५३५ मतांनी हरल्या, समोर होते काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस, नौदलातले निवृत्त अधिकारी. म्हणजे मतदार आकडा बघून दिपून जात नाही, तो आपला विचार करतो. म्हणूनच त्याला विचार करायला पुरेशी माहिती मिळाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आत्ता काय मिळतं? किती आहे ते मिळतं. आमच्या जवळच्या घाटकोपर पूर्वमध्ये पराग शहा आमदार आहेत, बांधकाम व्यवसायातले. २०१९ च्या ॲफिडेव्हिटमध्ये त्यांची मालमत्ता ५०० कोटींच्या पुढे होती, २०२४ ला ३,३८३ कोटी झाली, त्या निवडणुकीतले महाराष्ट्रातले सगळ्यात श्रीमंत उमेदवार म्हणून सगळ्या पेपरात नाव आलं. यात काही गैर आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही. शेअरचे भाव वाढतात, जमिनीचं मूल्यांकन बदलतं, हे सगळं होऊ शकतं. पण लोकांनी चर्चा फक्त आकड्याची केली, कारण बाकी चर्चा करण्यासारखं त्या कागदात काही नसतंच. आणि हा काही एका आमदाराचा प्रश्न नाही. २०२४ च्या विधानसभेत एडीआर या निवडणूक सुधारणांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ज्या २८६ विजयी उमेदवारांची ॲफिडेव्हिट तपासली त्यातले २७७ करोडपती निघाले, लोकसभेत ५४३ पैकी ५०४. आता मुंबईत स्वतःचा फ्लॅट असलेला रिटायर्ड मास्तरही करोडपती असतो, त्यामुळे त्या शब्दावरून काही कळत नाही. कळायला हवं ते वेगळंच.

मला हे सुचलं ते आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमुळे. त्या निमित्ताने आयओडी, सीसी, ओसी (बांधकामाच्या वेगवेगळ्या टप्प्यांच्या परवानग्या), टीडीआर, फंजिबल एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचे हिशोब) हे सगळे शब्द आमच्यासारख्या सामान्य लोकांच्याही तोंडी बसले आणि एक गोष्ट डोक्यात पक्की झाली की मोठा धंदा आज सरकारी टेंडरवर जितका चालतो त्याहून जास्त सरकारी परवानगीवर चालतो. एक झोन बदलला, एफएसआय वाढला, पर्यावरणाची मंजुरी सहा महिने आधी आली, की त्यात जो फरक पडतो तो कुठल्याही कंत्राटापेक्षा मोठा असू शकतो. गोव्यात खाणीची लीज असेल, जमिनीचं रूपांतर असेल, कोकणात किनाऱ्यावरच्या बांधकामाचे सीआरझेड नियम असतील, सगळीकडे तेच. तुम्ही स्वतः वर्षानुवर्षं प्रशासनात काम केलंय, फाइल कशी पुढे सरकते आणि कशी थांबते हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि कायदा मात्र अजून कंत्राटदारावरच अडकलाय. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ म्हणतं की सरकारला माल पुरवायचा किंवा सरकारचं काम करायचं चालू कंत्राट स्वतःच्या धंद्यात घेतलेलं असेल तर माणूस अपात्र. परवानगी, लीज, सवलत, थकलेला दंड, यातलं काहीच त्यात बसत नाही. फॉर्म २६ मध्ये सरकारी कंत्राटांचा रकाना आलाय हे चांगलं झालं, त्यात उमेदवार, जोडीदार, अवलंबून असणारे, त्यांचा हितसंबंध असलेलं हिंदू अविभक्त कुटुंब किंवा ट्रस्ट, भागीदारी संस्था आणि ज्या प्रायव्हेट कंपनीत त्यांचा हिस्सा आहे ती कंपनी, एवढं येतं. पण प्रायव्हेट कंपनीच म्हटल्यावर शेअर बाजारात नोंदलेली पब्लिक लिमिटेड कंपनी बाहेर राहिली. एखाद्या कुटुंबाकडे अशा कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर असले तरी तिची सरकारी कामं त्या रकान्यात लिहायची गरज नाही, आणि खरे मोठे उद्योगपती तर तिथेच असतात ना!

निवडून आल्यानंतर तर अजूनच अंधार. मंत्री झाला तर निदान आचारसंहिता आहे, धंद्याच्या कारभारातून बाजूला व्हायचं, मालमत्तेची माहिती द्यायची. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांचं रजिस्टर आहे, कुठे संचालक आहात, कुठल्या कंपनीवर नियंत्रण ठेवण्याइतके शेअर आहेत ते त्यात लिहावं लागतं. लोकसभेत तसं रजिस्टर नाही. जिथे लोक थेट मत देऊन माणूस पाठवतात तिथेच नसावं हे मला खरंच पटत नाही.

यावर दोन आक्षेप येतील, ते मी ऐकलेत. एक म्हणजे खाजगीपणा. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचलचे आमदार कारिखो क्री यांच्या निवडणुकीच्या प्रकरणात सांगितलंय की उमेदवाराने घरातली प्रत्येक वस्तू जाहीर करायची गरज नाही, आणि ते बरोबरच आहे, कोणाच्या कपाटात काय आहे याच्याशी आम्हाला काय करायचंय. पण सरकारकडे केलेला अर्ज ही खाजगी बाब कशी होईल? तो आमच्याच वतीने चालणाऱ्या ऑफिसात पडलेला आहे. दुसरा आक्षेप असा की एवढं विचारलं तर चांगले यशस्वी लोक राजकारणात येणारच नाहीत. मला उलटं वाटतं. ज्याला खरंच काम करायचंय त्याला आधीच सगळं सांगून टाकलं की पाच वर्षं मोकळेपणाने काम करता येईल, नाहीतर प्रत्येक निर्णयावर कुजबुज होते आणि प्रामाणिक माणसाकडेही ती खोडून काढायला काही नसतं.

तर मागणं असं. फॉर्म २६ मध्ये एक भाग वाढवा, ज्यात उमेदवाराचं आणि त्याच्या कुटुंबाचं ज्या कुठल्या कंपनीवर नियंत्रण आहे, प्रायव्हेट असो की लिस्टेड, तिचे केंद्र, राज्य, महापालिका आणि प्राधिकरणांकडे असलेले परवानगीचे अर्ज, लीज, सवलती, थकबाकी आणि सरकारविरुद्धचे दावे लिहावे लागतील. प्रत्येक किरकोळ लायसन्स नको, एक ठराविक रकमेच्या वरचे पुरेत, रक्कम तुम्ही ठरवा. खोटं लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५अ आहेच, सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि निवडून आलेल्याने हा भाग दरवर्षी नव्याने भरून सगळ्यांना बघता येईल असा ठेवावा. यातल्या या शेवटच्या गोष्टीला कायद्यात दुरुस्ती लागेल, ती संसदेत आणा, पण फॉर्म बदलायला राजपत्रातली एक अधिसूचना पुरते.

एक विनंती कळकळीने करतो. २००२ ला सुप्रीम कोर्टाने उमेदवाराची माहिती जाहीर करायला लावली तेव्हा तेव्हाच्या सरकारने त्याच कायद्यात कलम ३३ब आणून तो निर्णय बोथट करायचा प्रयत्न केला, २००३ ला कोर्टाने ते कलम रद्द केलं. उत्पन्नाचे स्रोत जाहीर करण्याचा विषयही कोर्टापर्यंत गेला, लोकप्रहरी या संस्थेच्या याचिकेवरचा २०१८ चा निकाल त्यावरच आहे. या वेळी कोणाला कोर्टात जायला लावू नका, सरकारने स्वतःहून करावं. गोवा विधानसभेची निवडणूक २०२७ ला आहे, तिथल्या उमेदवारांच्या हातात नवा फॉर्म पडेल इतपत लवकर हे काम हातात घ्या.

आपला,
मुलुंडचा एक मतदार