विमानात घरचा डबा खाऊ दिला नाही, त्याबद्दल तक्रार

नमस्कार,

मागच्या गुरुवारी मी आणि माझी आई तुमच्या संध्याकाळच्या पुणे-दिल्ली फ्लाइटने गेलो, तिकिटाची कॉपी सोबत जोडली आहे, पीएनआर त्यावरच आहे. आईचं वय 71, गेली बारा वर्षं शुगर आहे आणि दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. जेवणाच्या अर्धा तास आधी इंजेक्शन आणि मग वेळेवर जेवण, यात गडबड झाली की त्रास होतो म्हणून प्रवासात तिचा डबा बरोबर असतोच.

डब्यात काय होतं तेही सांगते. दोन मेथीचे धपाटे, भेंडीची कोरडी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी, पातळ काहीच नव्हतं. सिक्युरिटीला सीआयएसएफच्या लोकांनी डबा मशीनमधून बघितला आणि लगेच परत दिला. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, तेलामुळे पेट घेऊ शकतं, हे आम्हाला माहीत आहे म्हणून बहिणीसाठी काढलेल्या वाट्या आम्ही घरीच ठेवल्या. म्हणजे नियम आम्ही पाळतो हो, पण तो नियम असला पाहिजे ना.

फ्लाइट 6:10 ची होती, सुटली 8:50 ला. दर वीस मिनिटांनी "आता बोर्डिंग सुरू होईल" म्हणत होते म्हणून आई तिथे जेवली नाही, विमानात बसल्यावरच निवांत जेवते म्हणाली. एवढ्या वेळात तुमच्याकडून पाण्याची बाटली पण मिळाली नाही. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणंपिणं एअरलाइनने द्यायचं असा डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचा नियम आहे, तो तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असणार.

विमान वर गेल्यावर आईने इंजेक्शन घेतलं आणि अर्ध्या तासाने डबा उघडला, पहिला घास मोडला तोच तुमच्या क्रूमधल्या एक मॅडम आल्या आणि बाहेरचं खाणं अलाउड नाही, वास येतो, डबा बंद करा म्हणाल्या. मी सांगितलं की यांनी इन्सुलिन घेतलंय, आता खाल्लंच पाहिजे, तर म्हणाल्या आमच्याकडे कप नूडल्स आहेत ते घ्या. मैद्याच्या नूडल्स शुगरच्या पेशंटला! आजूबाजूच्या एकाही माणसाची तक्रार नव्हती, उलट शेजारचे काका म्हणाले, अहो खाऊ द्या त्यांना. पण आई भिडस्त, चारचौघांत कोणी बोललं की गप्प होते, तिने घास परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. ते बघून मला जे वाटलं ते इथे लिहिता येत नाही.

मी सीनियरना बोलवा म्हणत वाद घालत बसले आणि तेवढ्यात आईचे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम, बोलणं अडखळायला लागलं. ग्लुकोमीटर जवळ होता म्हणून बरं, शुगर 58 आली, म्हणजे फारच खाली. पर्समधली खडीसाखर तोंडात घातली, पंधरा मिनिटांनी परत चेक केली आणि मग कोणाला न विचारता तिला धपाटा भरवला. त्या मॅडम तेव्हा घाबरल्या, पाणी आणून दिलं, ते मी नाकारत नाही. त्यांना कोणीतरी चुकीचं शिकवलंय, म्हणून त्या एकट्यांवर कारवाई करून विषय मिटवू नका.

तुमच्या वेबसाइटवर सात किलोची केबिन बॅग, पॉवर बँक, खोबरं सगळं लिहिलंय, घरचा डबा खायचा नाही असं कुठेच लिहिलेलं नाही. मग हा नियम कुठला ते मला लेखी कळवा. नसेल तर घरचं खाणं चालतं असं तिकिटावर छापा आणि क्रूला तसं सांगा. आणि माझ्या आईची माफी मागा, फोन करून, मराठीत किंवा हिंदीत, माझी नाही तिची. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर सरकारच्या एअरसेवा या विमान प्रवाशांच्या तक्रारींच्या पोर्टलवर आणि ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार करणार आहे.

आईचं परतीचं तिकीट पुढच्या महिन्यात तुमच्याच फ्लाइटचं आहे. काल फोनवर विचारत होती, डबा नेऊ का गं, की परत ओरडतील? तिला काय सांगू ते त्याआधी कळवा.

तुमची एक प्रवासी,
पुणे