निकालपत्रात साथीदाराला रकाना नसतो

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मुंबईच्या विद्यार्थी कन्चेर्तो स्पर्धेत माझ्या मुलीला व्हायोलिनसाठी दुसरे आणि तिच्याच वर्गातल्या मुलाला चेलोसाठी पहिले पारितोषिक मिळाले, हे आपल्याला कळवण्याची गरज नाही, कारण दोघांच्याही वेळी पियानोवर आपणच होता. तरीही हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. निकालपत्रात स्पर्धकाचे नाव होते, गुरूंचे होते, गावाचेही होते. साथीदारासाठी मात्र रकानाच नव्हता. आपले नाव मी येथे लिहिले असते, पण ते लिहायचे नाही अशी आपली अट आहे आणि ती मोडण्याची माझी हिंमत नाही.

कन्चेर्तो ही एका मुख्य वाद्यासाठी लिहिलेली पाश्चात्त्य रचना वाद्यवृंदासह वाजवायची असते; वाद्यवृंद नसेल तर त्याचा भाग पियानोवर वाजवतात. नागपुरात एका विद्यार्थिनीच्या सरावासाठी वाद्यवृंद मिळणार कोठून? एप्रिलपर्यंत ती मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रित साथीबरोबर वाजवत असे. ती साथ कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे मुलगी तिच्यामागे धावायला शिकली होती. मग कोणीतरी अजनीतील आपले घर सांगितले.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना आपल्या पुढच्या खोलीतला कूलर बंद असे. ओल्या हवेने पियानोचे लाकूड फुगते आणि कूलरच्या घरघरीत हळू वाजवलेले स्वर बुडतात, हे आपण पहिल्याच दिवशी सांगितलेत. उलट कोरड्या हवेने व्हायोलिनच्या खुंट्या आकसून सटकत, तेव्हा आपण फळ्यावर लिहायच्या खडूचा तुकडा खुंटीवर घासून दिलात. त्याच घामाघूम खोलीत मोझार्टच्या जी मेजर (ही स्वरपट्टी) कन्चेर्तोचे सुरुवातीचे ३७ बार, म्हणजे तालाचे ठरावीक तुकडे, आपण रोज पूर्ण वाजवीत होता. व्हायोलिनचा एकल प्रवेश त्यानंतर आहे. स्पर्धेत हा भाग कापूनच वाजवायचा होता, म्हणून मला तो वेळेचा अपव्यय वाटे (आणि तसे मी एकदा बोलूनही दाखवले, त्याबद्दल क्षमस्व). आपण मात्र तिला व्हायोलिन खाली धरून उभे राहायला लावून विचारत होता, “आता ओबो काय म्हणतोय? हॉर्न कुठे आला?” दोन हातांत अख्खा वाद्यवृंद सांभाळणारा माणूस एकेका वाद्याची ओळख करून देत होता. मोझार्टने ही रचना १७७५ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी केली, हे ऐकून माझी पंधरा वर्षांची मुलगी हिरमुसली, तेव्हा “तुझ्याकडे अजून चार वर्षं आहेत,” असे आपण अगदी गंभीरपणे म्हणालात.

मी देशपांडे सभागृहातल्या मैफली ऐकत वाढले. तिथे गायकाच्या मागून सावलीसारखी येणारी हार्मोनियम ही माझी साथीची कल्पना. इथे साथीदार आधी बोलतो, प्रश्न टाकतो, प्रसंगी अडवतोही, हे मला आपल्या त्या खोलीत प्रथमच उमगले.

प्रत्यक्ष स्पर्धेत, मधल्या वाद्यवृंदाच्या भागानंतर, मुलगी एक बार आधी शिरली. मी पालकांच्या रांगेत बसून तिच्यासोबत मनात मोजत होते, म्हणून माझ्या छातीत धस्स झाले. आपण मान वर केली नाहीत. डावा हात तसाच चालू राहिला, उजव्याने मधला बार गाळला आणि पुढच्या स्वरावर आपण तिच्याबरोबर होता. तिने नंतर सांगितले की स्वतःची चूक झाल्याचे तिला कळले, पण घाबरायला वेळच मिळाला नाही. परीक्षकांना ते कळले असणारच. दुसरा क्रमांक योग्यच आहे. चेलोवाल्या मुलाने हायडन या संगीतकाराचा सी मेजर कन्चेर्तो खरोखरच अधिक समजून वाजवला. तो कन्चेर्तो सुमारे दोनशे वर्षे हरवलेला होता आणि १९६१ मध्ये प्रागमध्ये सापडला, ही गोष्ट आपण सांगितल्यापासून तो मुलगा त्याला ‘माझा कन्चेर्तो’ म्हणतो.

मानधनाचा विषय आपण प्रत्येक वेळी चहावर नेलात आणि विदर्भ एक्स्प्रेसचे तिकीटही स्वतःच काढलेत. त्याबद्दल मी येथे वाद घालत नाही.

आपली पियानोच्या स्वरलेखनाची प्रत आमच्या पिशवीतून चुकून घरी आली आहे. तिच्यात त्या बारवर आपण शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात ‘इथे घाई करते’ असे लिहिले आहे, तारीख ९ मे. म्हणजे आपल्याला आधीच ठाऊक होते. रविवारी सकाळी मुलगी प्रत परत द्यायला येईल. ती खूण मात्र खोडू नये, असे तिचे म्हणणे आहे.

आपली नम्र,
एका विद्यार्थिनीची आई
नागपूर