आमचा दावा तीनदा परत करणाऱ्या वकीलसाहेबांस

आदरणीय वकीलसाहेब,

सादर नमस्कार.

सनद मिळून मी आता वकीलपत्रावर स्वतःची सही करू लागले आहे. कोल्हापुरातील कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातील आठवडाभराच्या कामानंतर, कोणतेही मानधन न घेता, दर शनिवारी दुपारी आपण आम्हा शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना जे शिकवलेत, त्याचे आभार चारचौघांत मानावेत असे वाटले, म्हणून हे जाहीर पत्र.

बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचा पेपर आहे. त्यात तीन अभिरूप न्यायालये (म्हणजे सरावाचे लुटुपुटीचे खटले), दोन खटल्यांचे निरीक्षण आणि पक्षकाराच्या मुलाखतींची नोंदवही असते. खरे सांगायचे तर ती नोंदवही आम्ही आदल्या वर्षीच्या मुलांची समोर ठेवूनच भरणार होतो. आपण मात्र पहिल्याच दिवशी आपल्या कारकुनांना करवीर तालुक्यातील शेतकरी करून आमच्यापुढे बसवलेत. शेजाऱ्याने बांध कोरला, एवढीच त्यांची तक्रार होती आणि आम्ही लगेच मनाई हुकमाची कलमे आठवू लागलो. अर्ध्या तासाने आपण विचारलेत, "मोजणी झाली होती का?" त्याबरोबर त्यांनी खिशातून नकाशा काढला आणि त्यात तो बांध शेजाऱ्याच्याच हद्दीत निघाला. हे आधी का सांगितले नाही, यावर त्यांचे उत्तर होते, "तुम्ही इचारलंसा कुठं?"

पुढे दुसरी हकीकत देऊन आपण दावा लिहायला लावलात आणि तो तीनदा परत केलात. पहिल्या मसुद्यात गट नंबर होता, पण अतिक्रमण झालेली पट्टी त्या गटाच्या कोणत्या बाजूस आणि किती आर, हे नव्हते. दुसऱ्यात दाव्यास कारण कधी घडले, याची तारीखच नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम १ मध्ये ती आवश्यक आहे, हे परीक्षेत लिहून गुण मिळवलेल्यांनीच ती चूक केली होती. तिसऱ्यात, जमीन प्रतिवादीच्या ताब्यात गेल्याचे स्वतःच मांडून आम्ही विनंती कलमात नुसती मनाई मागितली आणि कब्जा मागायला विसरलो. लाल शाईने आपण समासात लिहिले होते: "जिंकलात तरी घरी काय नेणार?"

उलटतपासात सूचक, म्हणजे उत्तर आपणच सुचवणारे, प्रश्न विचारता येतात, हे पुस्तकात होते. साक्षीदाराला "का" विचारले की तो आपल्याविरुद्धचे सगळे सांगून मोकळा होतो, हे मात्र आपल्या कारकुनांनी आम्हांला भर वर्गात दाखवले.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणाऱ्या खंडपीठाचे, कामकाज कोल्हापुरात सुरू झाले आहे. उच्च न्यायालयातील युक्तिवाद ऐकायला इथल्या विद्यार्थ्यांना आता मुंबई गाठावी लागत नाही. पण पक्षकाराला प्रश्न कसे विचारावेत हे तिथे मागच्या बाकावर बसून कळत नाही. म्हणून एक विनंती आहे. शनिवारचा वर्ग यंदाही भरवावा. पक्षकार म्हणून बसायला मी येईन आणि विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देईन.

आपली विद्यार्थिनी