भेटवस्तूंची यादी आणि पेठांतल्या आळ्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर आपल्या पुरवणीत भेटवस्तूंची जी सचित्र यादी प्रसिद्ध झाली, तिच्याविषयी हे पत्र लिहीत आहे. यादी देखणी होती आणि निवडही वाईट नव्हती. सुगंधी मेणबत्त्या, चिनी मातीचे मग, सुक्या मेव्याच्या पेट्या आणि ठोक्यांची नक्षी असलेल्या तांब्याच्या बाटल्या असे सगळे तिच्यात होते. मात्र प्रत्येक चित्राखाली एखाद्या संकेतस्थळाचे नाव होते, शहरातल्या एकाही दुकानाचा पत्ता नव्हता. पुण्यातून निघणाऱ्या वृत्तपत्राने पुणेकरांना तांब्याची बाटली कुठून मागवावी हे सांगावे आणि त्यात तांबट आळीचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकले.

पेशवाईच्या काळात कोकणातून येऊन कसब्यात वसलेल्या तांबटांची ही आळी आता पूर्वीइतकी गजबजलेली राहिलेली नाही. आधी ॲल्युमिनियमने आणि मग स्टीलने स्वयंपाकघरातली तांब्या-पितळेची जागा घेतली, न्हाणीघरात गीझर आला आणि बंब माळ्यावर गेला. तरीही त्या भागात सकाळी गेल्यास पत्र्यावर पडणारे हातोडीचे ठोके ऐकू येतात, आणि ज्याला ‘मठारकाम’ म्हणतात ते काम अजून होताना दिसते. पत्रा कापून, तापवून, ठोकून भांड्याला आकार दिला, सांधे भरले, आम्लाने धुऊन काळेपणा काढला, की ते लोखंडी आधारावर चढवून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर एकाला लागून एक असे ठोके देत जातात. ही केवळ नक्षी नव्हे. ठोक्यांनी तांबे कठीण होते, त्यामुळे पातळ पत्र्याचे भांडेही सहज पोचत नाही. उजेड त्यावर असंख्य ठिकाणी मोडतो, हा वरचा लाभ.

आपल्या यादीतल्या बाटलीवरचे ठोके, निदान छायाचित्रात तरी, कवायतीतल्या मुलांसारखे सरळ रांगेत आणि एकाच मापाचे दिसत होते. साच्यातून उमटवलेली नक्षी अशीच असते. हाताने मठारलेल्या भांड्यावर ठोक्यांची रांग किंचित वाकते, गळ्यापाशी ठोके लहान होतात, तळाकडे दोन ठोके कुठे कुठे एकमेकांवर चढलेले असतात. ज्यांना भेट निवडून द्यायची आहे त्यांनी भांडे उजेडात फिरवून एवढे पाहिले तरी फरक कळतो. दुकानदार भांडे तराजूत टाकतो, वजनाप्रमाणे तांब्याचा भाव लावतो आणि त्यावर मजुरी सांगतो. पैसे कशाचे घेतले हे इतके उघड सांगणारी खरेदी आता फारशी उरलेली नाही. विकत घेताना वरून लाखेसारखा पारदर्शक लेप दिला आहे का, हे अवश्य विचारावे. शोभेच्या वस्तूला तो चालतो, पण पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला आतून नको. आणि ज्याला भेट द्यायची त्याला हेही सांगावे, की तांब्याच्या भांड्यात ताक, लिंबाचे सरबत किंवा लोणचे ठेवायचे नसते आणि डाग पडले तर चिंच-मीठ पुरेसे होते.

‘असली जुनी भांडी आता कोण वापरणार?’ असा प्रश्न नेहमी केला जातो. माझ्या पाहण्यात तरुण मंडळीच ती अधिक हौसेने घेतात. घंगाळात पाणी घालून फुले आणि दिवे सोडतात, लहान हंड्यात झाड लावतात, मठारलेली थाळी फळांसाठी टेबलावर मांडतात. दिव्यांची आवरणे, ट्रे, पेले असा नवा माल घडवणारे कारागीरही त्याच परंपरेतले आहेत. जुने वळण सोडले म्हणून नाक मुरडण्याचे कारण मला तरी दिसत नाही. हात चालू राहिला पाहिजे, मग त्यातून बंब निघो की दिव्याचे झाकण.

तांबट आळीइतकेच तुळशीबागेविषयीही लिहिता येईल. पेशवाईतले सुभेदार नारो आप्पाजी यांनी बांधलेल्या राममंदिराच्या भोवतीचा हा बाजार आता कानातली, टिकल्या आणि मोबाइलची आवरणे यांसाठी ओळखला जातो, आणि ती गर्दी कुणाला आवडो न आवडो, तोही बाजारच आहे. पण त्याच गर्दीत पितळी भातुकली मांडलेली दुकाने आहेत. बोटाएवढा खलबत्ता, खरोखर फिरणारे जाते, झाकणासकट पातेली, शेगडी, पोळपाट-लाटणे, आणि नळी व तोटी दोन्ही असलेला इवलासा बंब, हे सगळे तिथे सुटेही मिळते. मुलांच्या वाढदिवसाला येणाऱ्या पाहुण्यांना ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणून दुसऱ्या दिवशी मोडणारे प्लॅस्टिक वाटण्यापेक्षा यातली एकेक वस्तू द्यावी. खर्चात फार मोठा फरक पडत नाही आणि ती वस्तू त्या घरातल्या पुढच्या रुखवतात मांडली जाण्याचीही शक्यता असते.

भेटीच्या बांधणीचेही तेच. खोक्यावर चकचकीत कागद आणि त्यात चुरगाळलेल्या कागदाचा भरणा, याऐवजी बुरूड आळीतली बांबूची दुरडी किंवा परडी घ्यावी, तीत फराळ, पणत्या आणि एखादे लहान तांब्याचे भांडे ठेवावे. फराळ संपला तरी दुरडी कांद्या-लसणासाठी घरात राहते.

पेठांत जायचे तर गाडी कुठे लावायची, ही सबब आतापर्यंत खरी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानके नेमक्या याच भागात आली. मंडई स्थानकातून तुळशीबाग चालत काही मिनिटांवर आहे, रविवार पेठेतली बोहरी आळीही फार लांब नाही. तेव्हा दार ते दार सामान मागवण्याच्या सवयीला आळसाखेरीज दुसरे नाव देता येईल असे वाटत नाही. अर्थात ज्यांना चालणे जमत नाही किंवा जे परगावी राहतात त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी याच दुकानदारांनी घरपोच पाठवण्याची सोय करावी, आणि काहींनी ती केलीही आहे.

दोष सगळा ग्राहकांचा आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. भेट म्हणून वस्तू घेतो आहोत म्हटल्यावर ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधून हातात ठेवणे, आणि ‘कुणी घडवली?’ या प्रश्नाला ‘घ्यायचे असेल तर घ्या’ असे उत्तर देणे, या गोष्टी पेठेत अजून अनुभवास येतात. वस्तूसोबत एक लहानसे कार्ड द्यावे, त्यावर घडवणाऱ्याचे नाव, आळीचे नाव आणि निगा कशी राखावी हे चार ओळींत छापावे. याला खर्च तो कितीसा येणार! २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापूरचे नाव न घेता आणली, तेव्हा आपण सगळे संतापलो, आणि तो संताप रास्तच होता. टीका झाल्यावर त्या कंपनीला प्रेरणा कुठून घेतली हे मान्य करावे लागले. पण आपल्याच दुकानांत, आपल्याच खरेदीत, घडवणाऱ्याचे नाव आपण कितीदा विचारतो?

दोन विनंत्या आहेत. पहिली महापालिका आणि मेट्रोच्या अधिकाऱ्यांना : मंडई व कसबा पेठ स्थानकांच्या बाहेर पडण्याच्या दारांवर ‘तांबट आळी’, ‘बुरूड आळी’, ‘बोहरी आळी’, ‘तुळशीबाग’ अशा ठळक दिशादर्शक पाट्या लावाव्यात आणि त्यांवर चालत किती वेळ लागतो तेही लिहावे. दुसरी आपल्याला : संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी वाणाच्या वस्तूंची यादी आपण लवकरच छापाल. त्या वेळी संकेतस्थळे जरूर द्यावीत, पण त्यांच्या बरोबरीने निदान निम्म्या वस्तूंसमोर पेठेतल्या दुकानाचे नाव, आळी, साप्ताहिक सुट्टीचा वार आणि दुपारी दुकान किती वाजता बंद होते, एवढी माहिती द्यावी.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, पुणे