वरळीच्या शूटिंग रेंजवरच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

परवा माझं स्वतःचं एअर पिस्तूल घरी आलं. आईने पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि "लायसन्स कुठंय?" म्हणून विचारलं. नळीचं भोक (बोअर) ०.१७७ इंच, ताकद २० ज्यूलच्या आत, त्याला लायसन्स लागत नाही, हे तुमच्याच शब्दांत तिला सांगितलं. तुम्हाला फोन केला तर "बरं बरं" म्हणून ठेवून द्याल, म्हणून हे उघड पत्र.

गेल्या जूनमध्ये रेंजवर आले तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं. एका दुकानदाराने "मॅडम, ऑलिम्पिकवाले हेच वापरतात" म्हणत इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं पिस्तूल दाखवलं होतं आणि मी पीएफ काढायच्या बेतात होते. तुम्ही मॉडेल विचारलंच नाहीत. "पंजा बघू," म्हणालात आणि खिशातल्या स्टीलच्या पट्टीने मोजलात. दुकानदाराकडचं मीडियम ग्रिपचं, म्हणजे मुठीचं, माझा हात स्मॉलचा. यावर भाषण न देता तुम्ही क्लबचं मोठ्या ग्रिपचं पिस्तूल हातात ठेवून दहा पेलेट (छर्रे) मारायला लावलेत. बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचत होतं, त्यामुळे ते सरळ मागे न येता नळीला बाजूला ढकलत होतं. टार्गेट परत आलं, सगळी भोकं डावीकडे. तुम्ही हसलातसुद्धा नाही. हसला असतात तर परवडलं असतं.

मग तीन महिने क्लबचंच पिस्तूल. ट्रिगरचं वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही, हा नियम तुम्ही तुरडाळीच्या अर्ध्या किलोच्या पाकिटाने समजावलात. घरी हात लांब करून लिटरभर पाण्याची बाटली धरायची आणि भिंतीवर नुसता नेम, पेलेट नाही. १० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्म्या रुंदीचं. आणि बघायचं मात्र ते नाहीच, फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची माशी, बघायची. हे डोक्यात शिरायलाच ऑगस्ट उजाडला. (आईला अजून वाटतं, मीही स्वप्नील कुसाळेसारखं पदक आणीन. तो रायफलवाला, ५० मीटरचा, हे तिला कोण सांगणार?)

पण खरे आभार त्या सेकंडहँड पिस्तुलाचे. ग्रिप स्मॉल, ट्रिगर साधा मेकॅनिकल, किंमत आवाक्यातली. मी टोकन द्यायला निघाले होते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून हवेच्या सिलिंडरवरची बारीक अक्षरं वाचलीत. बनवल्याला अकरा वर्षं झालेली, मुदत दहाची. आत २०० बार दाबाची हवा भरायची आणि ते हातात धरायचं, शिवाय मॅचमध्ये तपासणीलाच अडकले असते. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं, मला विचारायचं कळलं नव्हतं. नव्या सिलिंडरची किंमत वजा करून भाव करा, असं तुम्ही हळूच सुचवलंत. तो आधी रुसला, चार दिवसांनी त्याचाच फोन आला.

तेच आता कपाटात आहे, नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घालून. अंगठ्याच्या बुडाशी ग्रिप अजून टोचते. रविवारी घेऊन येते. पॉलिश पेपर मी आणीन, कानस तुमची.

तुमची,
मुलुंडची डावीकडे मारणारी