मोटार आज काढायची की उद्या?

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
१४ जून

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. चार पानं, त्यातली साडेतीन शिव्यांची. वाचून बरं वाटलं, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. तुमच्या चिपळुणात पुराच्या धोक्यावर बोलायला पाहुणे आले, सभागृहात पडद्यावर रंगीत नकाशे दाखवून दोन तास ‘सेंडाई, सेंडाई’ करून चहा-बिस्किटं घेऊन गेले. त्यावर तू विचारतोस, “जपानात बसून ठराव केला म्हणून वाशिष्ठीचं पाणी माझ्या औषधांच्या कपाटात शिरायचं थांबलं काय?”

नाही थांबलं. २२ जुलै २०२१ ला पहाटे तू माळ्यावरून फोन केला होतास आणि मागं वहिनी देवाचं नाव घेत होत्या, ते मी विसरलेलो नाही. त्याच रात्री इकडं आमच्याही पायऱ्या पाणी मोजत होत्या. म्हणून तुझ्या रागाला मी काही बोलत नाही. पण तू शेवटी लिहिलंस ना, की हे देशोदेशीचं सहकार्य म्हणजे मोठ्या लोकांची सहल, तिथं मात्र माझं तुझ्याशी भांडण आहे. दुपारी गिऱ्हाईक नाही, लाइट गेलीय, त्यामुळं आज निवांत भांडतो.

आधी सेंडाईचं उरकतो. मार्च २०१५ मध्ये १८७ देशांनी तिथं बसून आपत्तींचा धोका कमी करायचा २०३० पर्यंतचा एक आराखडा मान्य केला. गाव निवडलं तेही चार वर्षांपूर्वी त्सुनामीनं मोडलेल्या भागातलं. त्यात पहिलं काम लिहिलंय ते धोका नीट समजून घेण्याचं. नुकसानभरपाई, बोटी, तंबू सगळं त्यानंतर. बंधन कुणावर काही नाही, न पाळल्यास दंड नाही. म्हणजे कागदच आहे, तुझं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं.

पण कागदाच्या मागं जे रोज चालतं ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी पहाटे साडेपाचला रंकाळ्याकडं निघतो ना, त्याच वेळेला जगभर शेकडो ठिकाणांहून हवेचे फुगे सोडतात. मुंबईत, कराचीत, चीनमध्ये, आफ्रिकेत. प्रत्येकाला एक छोटं यंत्र बांधलेलं, ते वर जाता जाता तापमान, दाब, दमटपणा, वारा कळवत राहतं. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा तेच. ही मोजमापं सगळ्या देशांना मिळतात. आपलं आणि पाकिस्तानचं क्रिकेटसुद्धा धड होत नाही, पण वाऱ्याचे आकडे इकडून तिकडं जातात. ही व्यवस्था १९६३ पासूनची आहे. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबाँब रोखून बसले होते तेव्हाची. कारण साधं आहे. उद्याचं हवामान आज दुसऱ्याच्या गावावर असतं. त्याचा आकडा मिळाला नाही तर अंदाज बांधायचा कशावर?

हिंदी महासागरावरचे ढग टिपायला युरोपनं आपला एक उपग्रह मुद्दाम इकडं आणून ठेवलाय. तू तीन जून २०२० ला पत्रे उडताना बघितलेस त्या वादळाला ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशनं सुचवलेलं होतं. पुढच्या वर्षीच्या ‘तौक्ते’चं नाव म्यानमारचं, त्यांच्याकडं त्या नावाची पाल असते म्हणे. तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावं देऊन यादी केली आणि नाव जाहीर करायचं काम दिल्लीकडं दिलं. नावात काय आहे म्हणशील. पण तेरा देश ज्या टेबलावर पालींची नावं ठरवतात, त्याच टेबलावर वादळ कुठं वळतंय तेही बोलतात.

आणि हे नसतं तर काय होतं, ते आपण दोघांनी टीव्हीवर बघितलंय. २६ डिसेंबर २००४. सुमात्राजवळ भूकंप झाला तेव्हा आपल्याकडं सकाळचे साडेसहा वाजत होते. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट आली ती त्यानंतर सुमारे दोन तासांनी. दोन तास, विलास! हवाईतल्या त्सुनामी केंद्राला पाव तासात कळलं होतं की मोठा भूकंप झालाय. पण ते केंद्र प्रशांत महासागराचं. हिंदी महासागराच्या काठावर फोन कुणाला करायचा, हेच त्यांच्याकडं ठरलेलं नव्हतं. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबादला आपलं केंद्र उभं राहिलं, आणि आता भारत, ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया असे तिघं मिळून या समुद्राकाठच्या सगळ्या देशांना इशारे देतात. ज्ञान आधीही होतं रे. फोन नंबर नव्हता.

आता तू म्हणणार, मग २०२१ ला माझा फोन का वाजला नाही? इथंच मला तुला माझ्या धंद्यातली गोष्ट सांगायचीय.

तुला ठाऊक आहे, पूर ओसरला की माझ्या दुकानापुढं ट्रॅक्टर लागतात. नदीकाठच्या शेतपंपांच्या बुडालेल्या मोटारी, कॉइल नव्यानं भरायला येतात. २०१९ ला तर इतक्या आल्या की गणपती होऊन गेले तरी आम्ही कॉइलच सुकवत होतो. लोकांचं नुकसान आणि माझा सीझन एकाच वेळेला, त्यामुळं मला पुराबद्दल बोलताना थोडी लाज वाटते. तर त्या वर्षी चिखलीकडचा एक ओळखीचा शेतकरी मोटार घेऊन आला. मी विचारलं, “काढली का नाहीस वेळेवर? इशारा तर होता.” तो म्हणाला, “होता की. मोबाइलवर आलं, तुरळक ठिकाणी अतिवृष्टीची शक्यता. आता माझी मोटार तुरळकात बसती का नाही, हे कुणी सांगायचं?”

त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. फुगे, उपग्रह, दिल्ली, पुणे असं सगळं ओलांडून ज्ञान फुकट त्याच्या खिशापर्यंत आलं आणि शेवटच्या एका शब्दाला अडकलं. त्याला मिलिमीटर नको होते. मोटार आज काढायची की उद्या, एवढंच हवं होतं.

माझी स्वतःची फजिती वेगळी नव्हती. २०१९ ला पाणी वाढत होतं तेव्हा मी कट्ट्यावर बसून सांगत होतो, “२००५ ला आमच्या दारात आलं नाही, आता काय येतंय!” त्या २००५ ला पाणी पन्नास फुटांच्या जवळ गेलं होतं. २०१९ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर साडेपंचावन्न झालं. धोक्याची पातळी त्रेचाळीस. हायवे शिरोलीला बंद, गावात दूध नाही, पेट्रोल नाही, आणि मी आईला पाठीवर घेऊन शेजाऱ्याच्या गच्चीवर. म्हातारी कानात म्हणत होती, “तू शहाणा.”

त्यानंतर मी एक वही केली. दुकानाच्या उधारीच्या वहीसारखीच. डावीकडं बंधाऱ्यावरची पातळी, उजवीकडं आमच्या गल्लीत पाणी कुठं आहे ते. किती फुटाला गटारातून उलटं येतं, किती फुटाला कोपऱ्यावरचा खांब, किती फुटाला आमची पहिली पायरी. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटतं, असे सात दरवाजे. ते दरवाजे विजेवर चालत नाहीत, पाण्याच्याच वजनानं उघडतात, मोटारवाल्या माणसाला त्याचं केवढं कौतुक! तर कितवा दरवाजा उघडला आणि किती तासांनी आमच्याकडं फरक पडला, तेही लिहायला लागलो. रेडे डोह, म्हणजे नदी पात्र सोडून बाहेर पडते ती जागा, फुटल्याची बातमी आली की त्याची वेगळी खूण. २०२१ ला पाणी २०१९ पेक्षाही वर, छप्पन्नच्या पुढं गेलं, पण माझा फ्रीज, वही आणि आई तिन्ही आधीच वर होत्या. २०२४ ला सत्तेचाळीसच्या पुढं गेलं तेव्हा गल्लीतली पोरं मलाच विचारायला लागली, “काका, आपल्या पायरीला किती वाजता?” काका म्हणजे हवामान खातं! पण हसू नकोस, ती पोरं दोन म्हाताऱ्यांना घेऊन वेळेवर हलली.

हे मी काही नवीन शोधलेलं नाही, हे मला नंतर कळलं. बांगलादेशनं पन्नास वर्षांपूर्वी केलंय. १९७० च्या भोला वादळात तिथं किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावरच्या गावागावात स्वयंसेवक उभे केले, आज ते पाऊण लाखाच्या आसपास आहेत, त्यात बायका कितीतरी. उपग्रहाचा इशारा ढाक्याला येतो आणि शेवटी एक माणूस भोंगा घेऊन चिखलातून चालत जातो, काठीवर लाल बावटे चढवतो. एक बावटा, दोन बावटे, तीन बावटे. वाचता येत नसलं तरी कळतं. पैसा आणि यंत्रं बाहेरून आली असतील, पण चालणारा माणूस गावचा. तिथं आता तेवढ्याच जोराच्या वादळात जी माणसं जातात ती लाखांत मोजावी लागत नाहीत. आपल्या ओडिशाचंही तसंच, १९९९ ला दहा हजारांच्या घरात गेली आणि २०१९ च्या फनी वादळात चौसष्ट. चौसष्ट घरांना तो आकडा लहान वाटत नसणार, पण तू हिशेबाचा माणूस आहेस, तुला फरक कळेल.

तुझ्या पाहुण्यांनी बहुतेक फुग्यापासून दिल्लीपर्यंतचंच सांगितलं. दिल्लीपासून तुझ्या कपाटापर्यंतचं राहिलं. राग धरायचा तर तिथला धर.

आणि खरं सांगू? देशांमधलं सहकार्य मला फार अवघड वाटत नाही, शेजारच्या राज्यांमधलं वाटतं. दर जुलैत आमच्याकडं अलमट्टीचं, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणाचं, भांडण सुरू होतं. शिरोळची माणसं म्हणतात अलमट्टीची फुग, म्हणजे धरणामुळं मागं तुंबणारं पाणी, कर्नाटकवाले म्हणतात आमचा काय संबंध. २०१९ नंतर आपल्या सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं सांगितलं की त्या पुराला अलमट्टी कारण नव्हती. शिरोळात हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघ! मला त्यात पडायचं नाही. धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, ऑगस्टपर्यंत ५१७ वर ठेवा म्हणून आंदोलनं होतात, तिकडं ती ५२४ वर न्यायची बोलणी चालतात. माझं म्हणणं एवढंच, की दोन्हीकडचे आकडे दर तासाला दोन्हीकडच्या माणसाला उघड दिसावेत. मग भांडा. चीननं ब्रह्मपुत्रेचे पावसाळ्यातले आकडे आपल्याला द्यायचा करार २००२ मध्ये केला होता, आणि २०१७ ला डोकलामचं बिनसलं तेव्हा दिले नाहीत. आपण केवढे चिडलो होतो! आसामातल्या माणसाचा जीव असा भांडणात ओलीस ठेवतात का, म्हणून. बरोबरच होतं ते. आता तेच वाक्य कृष्णेच्या काठावर उभं राहून म्हणून बघायचं.

ऱ्हाइन नदीचंही असंच चुलत भावांसारखं होतं. वरचे देश पाणी सोडणार, खालचा हॉलंड बुडणार. १९९५ च्या पुरात हॉलंडमध्ये अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी बांध उंच करायचं सोडून तीसहून जास्त ठिकाणी नदीला जागा मोकळी करून दिली, एका शहरात तर बांधच साडेतीनशे मीटर मागं नेला. घरं हलवली. आमच्याकडं पूर कुठवर येतो ते दाखवणाऱ्या निळी रेषा, लाल रेषा नकाशावर आहेत, आणि आमच्या चुलत्याच्या पोरानं गेल्या दिवाळीत निळ्या रेषेच्या आतच फ्लॅट घेतला. म्हणाला, “दुसऱ्या मजल्यावर आहे, काका.” गाडी कुठं लावणार विचारलं तर हसला.

तुझ्या-माझ्यात एक जुना दुवा आहेच, कोयना. पाणी पोफळीच्या वीजघरातून तुमच्याकडं उतरतं, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा हादरा आमच्याकडंही आला होता. वडील सांगायचे, भांडी वाजत होती. धरणाच्या पाण्यानं भूकंप कसे होतात हे शिकायला जगातले लोक कोयनेकडंच बघतात. तिथं जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, गोठणे गावात, आणि कराडला त्याची प्रयोगशाळा आहे. २०११ मध्ये त्यासाठी बऱ्याच देशांतले शास्त्रज्ञ बोलावून आधी चर्चा झाली होती. म्हणजे आपण नुसतं घेतच नाही, देतोही. आपल्या हादऱ्यावरून उद्या दुसऱ्या कुठल्या धरणाखालची माणसं शहाणी होतील. तुला तेवढं तरी समाधान असू दे.

आता कामाचं. या रविवारी एक डबा ऑइलपेंट घे. २००५ चं पाणी दुकानात कुठवर होतं, २०२१ चं कुठवर, भिंतीवर रेघ मार आणि तारीख घाल. वहिनी नको म्हणतील, भिंत घाण होते म्हणून, त्यांना सांग मी सांगितलंय. मग चिपळुणातल्या ज्या पुलावर पातळी मोजतात तिचे आकडे आणि तुझी पायरी यांची एक वही कर. तुझी नदी आमच्यासारखी दमानं चढत नाही, तासाभरात येते, भरतीही आड येते, म्हणून तुझ्या वहीत भरतीची वेळ लिहायला वेगळा रकाना पाड. दोन पावसाळे गेले की ती वही घेऊन त्याच सभागृहात जा. पाहुणे आले तर त्यांना दाखव. त्यांच्या नकाशात तुझं कपाट नसतं, ते तुलाच घालावं लागणार.

आईनं कांदा-लसूण चटणीचा डबा काढून ठेवलाय. बुधवारच्या एस्टीनं ओळखीच्या वाहकाकडं देतो. मागचे दोन डबे अजून परत आलेले नाहीत, आई मोजून आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता आकडा बघितला. राजाराम बंधाऱ्यावर आज सतरा फूट. चिखलीवाल्याचा फोन होता, “काका, काढू का?” म्हटलं, अजून दोन दिवस थांब, पण दोरखंड काढून ठेव.